शून्यानंतरचा तोटा विसरणारं सॉफ्टवेअर

समूहाचे एकत्रित हिशेब करणारं एक सॉफ्टवेअर आम्ही दोन वर्षांपूर्वी घेतलं. सहयोगी कंपन्यांतल्या, म्हणजे ज्यांच्यावर आमचा लक्षणीय प्रभाव असतो पण ताबा नसतो अशा कंपन्यांतल्या, गुंतवणुकीचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे मी फक्त त्याच भागाबद्दल लिहिते आहे.

आधी जे आवडलं ते. 20 टक्के मताधिकार दिसला की ते कंपनीला आपोआप सहयोगी ठरवत नाही, आधी प्रश्न विचारतं. आमची एक गुंतवणूक 18 टक्क्यांची आहे, पण त्या कंपनीच्या संचालक मंडळावर आमचा माणूस बसतो आणि धोरणं ठरवताना त्याचं मत चालतं. आयएएस 28 या आंतरराष्ट्रीय लेखामानकात 20 टक्के हे केवळ गृहीतक आहे, खरा निकष लक्षणीय प्रभावाचा. सॉफ्टवेअरने कारण लिहून घेतलं आणि इक्विटी पद्धत लावली, म्हणजे त्या कंपनीच्या नफ्या-तोट्यातल्या आमच्या हिश्श्याने गुंतवणुकीची रक्कम वाढवायची-घटवायची. ती नोंद लेखापरीक्षकांना दाखवता आली, याचा मला फार आधार वाटला. लाभांशही ते उत्पन्नात न टाकता गुंतवणुकीच्या रकमेतून वजा करतं. आम्ही विकलेल्या मालापैकी दुसऱ्या एका सहयोगी कंपनीकडे पडून असलेल्या मालात आमचा 8 लाखांचा नफा होता. आमचा हिस्सा 30 टक्के, म्हणून 2.4 लाख काढून टाकायचे, हे त्याने बरोबर केलं.

मग पहिल्या वर्षअखेरीला याच 30 टक्केवाल्या कंपनीला 120 लाखांचा तोटा झाला. आमच्या वाट्याला 36 लाख, आणि आमच्या हिशेबात त्या गुंतवणुकीची पुस्तकी रक्कम उरली होती 24 लाख. त्या कंपनीला आम्ही कर्ज दिलेलं नव्हतं, हमीही नव्हती. म्हणून रक्कम शून्यावर थांबली, तिथवर ठीक. उरलेले 12 लाख नोंदवायचे नसतात, पण लक्षात ठेवायचे असतात. सॉफ्टवेअरने ते कुठेच ठेवले नाहीत. पुढच्या वर्षी कंपनीने 50 लाख नफा कमावला तेव्हा आमच्या हिश्श्याचे 15 लाख त्याने सरळ नफ्यात धरले. बरोबर आकडा 3 लाख आहे, कारण आधी ते 12 लाख भरून निघायला हवेत.

मी हे पकडलं ते केवळ जुनी वही जपून ठेवली होती म्हणून. रात्री साडेनऊला आकडे जुळवताना माझे हात थंड पडले होते, कारण तो मसुदा दुसऱ्या दिवशी लेखा समितीपुढे जाणार होता. विक्रेत्याच्या मदत विभागाने ऐकून घेतलं, चूक मान्य केली आणि हाताने समायोजन टाकायला सांगितलं. एवढ्या मूलभूत गोष्टीसाठी हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

गुडविलची, म्हणजे खरेदीवेळी निव्वळ मालमत्तेतल्या हिश्श्यापेक्षा जास्त दिलेल्या किमतीची, वेगळी ओळ दाखवून त्याचीच स्वतंत्र मूल्यघट चाचणी मागणं हीसुद्धा चूकच, कारण ते गुंतवणुकीच्या रकमेतच असतं आणि मूल्यघट संपूर्ण गुंतवणुकीची तपासायची असते. ती सूचना बंद करता येते.

सहयोगी कंपन्या नफ्यात असतील तर जरूर घ्या. एखादी शून्याच्या जवळ आली असेल तर न नोंदवलेल्या तोट्याची वही वेगळी ठेवा, मी अजूनही ठेवते.