लोगो कॉन्टेस्टवाली साईट: आठ महिने वापरल्यावर

मी फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आहे, गेले आठ महिने एका लोगो कॉन्टेस्ट साईटवर काम करतेय. नाव लिहीत नाही, कारण या प्रकारच्या साईट्सची पद्धत थोड्याफार फरकाने हीच असते. क्लायंट ब्रीफ (काय हवंय त्याचं वर्णन) टाकतो, पन्नास-साठ जण लोगो करून टाकतात, पैसे एकालाच, बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

चांगलं आधी सांगते. पेमेंट एकदाही अडकलं नाही. जिंकलं, व्हेक्टर फाईल्स (कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या) दिल्या, कॉपीराइट क्लायंटच्या नावावर केला की पैसे येतात. बाहेर 'सर, बिलाचं बघा ना' करत महिनोन्महिने मागे लागावं लागतं, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

त्रास आहे तो क्लायंट एन्ट्रींना देतो त्या स्टार्सचा. ओपन कॉन्टेस्टमध्ये सगळ्यांच्या एन्ट्री आणि त्यांना मिळालेले स्टार सगळ्यांना दिसतात, मग एकाला चार स्टार पडले की तासाभरात तसलेच दहा लोगो येऊन पडतात, तेच पान तोच गोल तोच ग्रेडियंट. मीसुद्धा केलंय हे. एका डान्स स्टुडिओसाठी मी आधी नुसत्या अक्षरांचा लोगो केला होता, एकेक अक्षर थोडं थोडं जास्त कलत जाणारं, चार दिवस त्याच्यावर बसले होते, त्याला दोन स्टार. मग वर ज्याला जास्त स्टार होते तसली रिबनची नाचणारी बाई करून टाकली अर्ध्या तासात आणि जिंकले. पैसे आले पण तो लोगो पोर्टफोलिओत टाकायला हात धजावला नाही. आत्तापर्यंत अकरा जिंकलेत, पोर्टफोलिओत फक्त दोन आहेत.

पॉल रँड या अमेरिकन ग्राफिक डिझायनरचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल, 1986 मध्ये स्टीव्ह जॉब्सने नेक्स्ट या आपल्या कॉम्प्युटर कंपनीच्या लोगोसाठी त्याच्याकडे ऑप्शन मागितले आणि तो सरळ नाही म्हणाला, एकच देईन, वापरा नाहीतर वापरू नका, फी द्यावीच लागेल. फी होती 1 लाख डॉलर. पण तोवर आयबीएम, यूपीएस, एबीसी एवढं काम त्याच्यामागे उभं होतं, नवख्या माणसाला असं बोलणं परवडत नाही. आणि ऑप्शन दिले म्हणून काम हलकं होतं असंही मला वाटत नाही. नाइकीचा स्वूश, म्हणजे ती बरोबरच्या खुणेसारखी रेघ, 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसनने केला तेव्हा ती विद्यार्थिनी होती, तिने बरेच पर्याय दाखवले होते आणि मिळाले 35 डॉलर. पण समोर माणूस होता, काय पटलं काय नाही ते तोंडावर कळत होतं. इथे नेमकं तेच नाही. दोन स्टार का दिले विचारलं तर उत्तरच येत नाही, मग आपण अंदाजावर डिझाईन करत राहतो, आणि आपलं म्हणणं मांडायची संधीच मिळत नाही.

दोन महिन्यांपासून मी फक्त ब्लाइंड कॉन्टेस्ट घेतेय, म्हणजे दुसऱ्यांचं काम दिसतच नाही. एकच एन्ट्री टाकते आणि खाली तीन-चार ओळीत लिहिते की हे असं का केलंय. जिंकणं कमी झालंय, दोन महिन्यात एकच. पण एका न जिंकलेल्या कॉन्टेस्टच्या क्लायंटने त्या ओळी वाचून नंतर साईटवरच डायरेक्ट प्रोजेक्ट दिला, पॅकेजिंगचं, आणि तिथे चॅटवर आम्ही एका रंगावरून तीन दिवस भांडलो, खूप बरं वाटलं!

पाचपैकी अडीच स्टार. पेमेंटसाठी दोन, डायरेक्ट प्रोजेक्टच्या सोयीसाठी अर्धा. स्टार देताना क्लायंटला एक ओळ कारण लिहायची सक्ती केली तर आणखी एक वाढवीन.