माग चोख, छायाचित्र खोटे: एका शिकार सफारीविषयी

नामिबियाच्या ईशान्येकडील झांबेझी भागात मोठ्या प्राण्यांची शिकार घडवून आणणाऱ्या एका कंपनीच्या सहा दिवसांच्या सफारीत मी बंदूक न घेता, केवळ निरीक्षक म्हणून सहभागी झालो होतो. शिकाऱ्याच्या सोबत्यांसाठी अशी सोय असते. शिकारीला माझा विरोध आहे आणि परतल्यावरही तो कायम आहे; तरीही या सेवेतले जे उत्तम आहे, ते आधी सांगणे मला कर्तव्य वाटते.

उत्तम आहे ते माग काढणाऱ्या गृहस्थांचे काम. पन्नाशीचे, तिथल्याच गावचे, अगदी मितभाषी. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणवठ्याजवळ त्यांना एकट्या फिरणाऱ्या म्हाताऱ्या रानरेड्याचा माग लागला. वाटेत पडलेल्या शेणाला हाताची पालथी बाजू लावून तो किती पुढे गेला असेल याचा ते अंदाज घेत, आणि दर काही पावलांवर राखेची पुरचुंडी झटकून वारा पाहत. मागच्या डाव्या खुराची बाहेरची कड झिजलेली आहे, हे त्यांनी मला मातीत बोट टेकवून दाखवले. त्यानंतर इतर जनावरांच्या ठशांच्या गर्दीतही तो एक खूर मला ओळखू येऊ लागला. चार तास आम्ही रेड्याच्या चालीने चाललो. तो थांबला असेल तिथे थांबलो, वारा फिरला की वळसा घातला. जंगलात माणसाची जागा कोणती, हे मला इतके स्पष्ट कधीच जाणवले नव्हते: इतर प्राण्यांसारखाच एक प्राणी, वाऱ्याच्या मर्जीवर चालणारा, चुकला तर जिवाला मुकणारा.

कायदेशीर बाबींत कंपनी काटेकोर आहे. नामिबियात 1996 च्या कायद्याने गावांना आपल्या सामूहिक जमिनीवर कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे गावानेच सांभाळायचे वन्यजीव क्षेत्र, स्थापून तेथील वन्यप्राण्यांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क दिला आणि आज अशा ऐंशीहून अधिक कॉन्झर्व्हन्सी आहेत. गावाचा रक्षक पूर्ण वेळ आमच्याबरोबर होता, परवाना त्याने स्वतः तपासला आणि मांस त्याच संध्याकाळी गावात वाटले गेले. ज्यांचे मक्याचे शेत हत्ती एका रात्रीत तुडवून जातात, त्यांना लांब शहरात बसून प्राणिप्रेम शिकवण्याचा अधिकार मला नाही. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि ती टिकवली. बोट्स्वानाने 2014 मध्ये घातलेली बंदी 2019 मध्ये उठवली. प्रश्न सोपा असता तर आफ्रिकेतल्याच देशांची उत्तरे इतकी वेगळी नसती.

कंपनीचे माहितीपत्रक मात्र तो फारच सोपा करून टाकते. म्हातारा नर कळपाच्या उपयोगाचा उरत नाही, म्हणून त्याला मारल्याने काही बिघडत नाही, असे त्यात सिंह आणि हत्ती यांच्याविषयीही सरसकट लिहिले आहे. हे खरे नाही. दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यानात वडीलधाऱ्या नरांविना वाढलेल्या तरुण हत्तींनी 1990 च्या दशकात चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. 1998 मध्ये त्याच देशातल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातून सहा प्रौढ नर आणून सोडल्यावर त्या तरुणांचा अवेळी येणारा मद ओसरला आणि गेंड्यांच्या हत्या थांबल्या. कळपाचा ताबा असलेला सिंह मारला गेला, तर त्याच्या जागी येणारा नर बहुधा आधीचे छावे मारून टाकतो. ज्याला आपण निरुपयोगी ठरवतो त्याचा उपयोग कोणाला आहे, हे आपण विचारलेलेच नसते.

आता शिकारीविषयी. पहिली गोळी खांद्यामागे लागली, रेडा लव्हाळ्यात घुसला, आणि दुसरी गोळी घालीपर्यंत चाळीस मिनिटे गेली. शेवटी त्याने जो दीर्घ हंबरडा फोडला, तो मी विसरू शकत नाही. डोळ्याला नळीचे टोक लावून तो मेल्याची खात्री करण्यात आली, आणि मग सुरू झाली छायाचित्राची तयारी. नाकपुड्यांवरचे रक्त ओल्या फडक्याने पुसले, बाहेर आलेली जीभ आत ढकलून जबडा मिटवला, समोरचे गवत छाटले, डोके दगडावर टेकवून उचलून धरले. शिंगे मोठी दिसावीत म्हणून शिकाऱ्याला थोडे मागे बसवले. माग काढणाऱ्यांची सावली चौकटीत येत होती, म्हणून त्यांना बाजूला व्हायला सांगितले. ते निमूटपणे बाजूला झाले.

माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. चार तास आम्ही जे होतो, ते त्या दहा मिनिटांत पुसून टाकले गेले. वेदना, भीती, दुसऱ्याचे कौशल्य, गावाचा वाटा यांतले काहीही त्या चित्रात नाही. आहे तो झोपी गेल्यासारखा दिसणारा प्राणी आणि त्याच्या वर बसलेला माणूस. जे केले ते योग्य होते अशी खात्री असेल, तर रक्त पुसण्याची गरज का पडावी?

या कंपनीची शिकार मी कोणालाही सुचवणार नाही. त्या गृहस्थांबरोबर बंदुकीविना चार तास चालण्याची सोय त्यांनी सुरू केली, तर पैसे साठवून पुन्हा जाईन; तसे मी त्यांना लेखी कळवले आहे. उत्तरादाखल आतापर्यंत फक्त ते छायाचित्र आले आहे. त्याच्या डाव्या कोपऱ्यात, गवतात, ते ओले फडके राहून गेलेले दिसते.