राज्याचा हिशेब सुधारायचा तर आधी काय: उपार्जित पद्धत की गरजेपुरता निधी?

वित्त विभागापुढे दोन प्रस्ताव आहेत आणि दोन्ही एकदम पेलणार नाहीत, असं समजू. एक, रोख पद्धत सोडून उपार्जित म्हणजे अ‍ॅक्रुअल पद्धतीवर जायचं, म्हणजे पैसे दिले तेव्हा नव्हे, तर देणं निर्माण झालं तेव्हाच खर्चाची नोंद करायची. दोन, पद्धत तीच ठेवायची, पण पैसे देण्याची वेळ येईल तेव्हाच ते कोषागारातून सोडायचे. माझा कौल दुसऱ्याला आहे, तरी पहिल्याची बाजूही भक्कम आहे.

रोख पद्धतीत पैसा हातातून गेला तरच खर्च दिसतो. रस्त्याचं काम फेब्रुवारीत पुरं झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयकही सादर झालं. पण ३१ मार्चपर्यंत निधी आला नाही, तर त्या वर्षीच्या खर्चात हे काम नाहीच. देणं पुढच्या वर्षीच्या तरतुदीवर बसतं आणि नवी कामं मात्र पूर्ण तरतूद हाताशी असल्यासारखी मंजूर होत राहतात. उपार्जित पद्धत हे देणं त्याच वर्षी उघड करते. निवृत्तिवेतनाचा पुढचा बोजाही तिच्यातच नीट दिसतो.

मग अडतं कुठे? बाराव्या वित्त आयोगाने या पद्धतीची शिफारस केली होती, तरी राज्यांचे लेखे आजही मुख्यतः रोखीवरच आहेत. तिला जमिनी, इमारती, धरणं, कालवे यांची मूल्यासह नोंद लागते. नोंदवह्याच अपुऱ्या असतील, तर ताळेबंद अंदाजांवर उभा राहील. शिवाय राज्य एकट्याने लेख्यांचा नमुना बदलू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५० नुसार तो महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने राष्ट्रपती ठरवतात.

दुसरा प्रस्ताव थेट मार्चच्या दुखण्यावर बोट ठेवतो. वर्ष संपताच न वापरलेली तरतूद व्यपगत होऊ नये, म्हणजे रद्द होऊ नये, म्हणून रक्कम काढून स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात असलेल्या ठेव खात्यात) किंवा बँक खात्यात टाकली जाते. कागदावर खर्च झाला, प्रत्यक्षात कुदळही पडलेली नाही. विधिमंडळासमोर जातो तो हाच आकडा, आणि मला हे सगळ्यात गंभीर वाटतं. त्यात बँकेत पैसा पडून असताना राज्य दुसरीकडे व्याजाने कर्ज काढत असतं. केंद्र पुरस्कृत योजनांत जुलै २०२१ पासून एकल नोडल खातं, म्हणजे राज्यात प्रत्येक योजनेसाठी एकच बँक खातं आलं, पुढे केंद्राच्या 'एसएनए स्पर्श' या प्रणालीमधून पैसा गरजेपुरता सुटू लागला. राज्याच्या स्वतःच्या योजनांना हीच शिस्त लावायला राज्याचे आदेश पुरतात. महाराष्ट्रात निधीवाटप 'बीम्स' या राज्याच्या संगणक प्रणालीवर आधीच ऑनलाइन आहे.

यातही धोका आहेच. तिजोरीत चणचण असली की 'गरजेपुरता निधी' म्हणत देयकं अडवून ठेवता येतात. म्हणून देयक कोणत्या तारखेला सादर झालं आणि कुठे अडलंय, हे पैसे येणं असलेल्याला दिसलंच पाहिजे.

मालमत्तेच्या नोंदी चोख असलेला एखादा विभाग असेल, तर तिथे उपार्जित पद्धतीचे लेखे समांतर ठेवून पाहायला हरकत नाही. बाकी ठिकाणी दुसरा प्रस्ताव घ्या आणि त्यासोबत प्रत्येक विभागाकडून ३१ मार्चच्या थकीत देयकांचं विवरणपत्र अर्थसंकल्पाला जोडून मागा. त्यासाठी लेख्यांचा नमुना बदलावा लागत नाही, आणि फेब्रुवारीत पुरा झालेला तो रस्ता निदान आमदारांच्या नजरेस पडतो.