स्प्रिंट की लांब पल्ला: सुरुवात कशाने करावी?

वेळ कमी मिळतो म्हणून स्प्रिंट निवडणार असाल, तर पूर्ण हिशेब मांडा. पळणं काही सेकंदांचं असतं, पण त्याआधी पंधरा-वीस मिनिटं वॉर्म-अप हवा आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. जीव तोडून पळताना स्नायू मुख्यतः फॉस्फोक्रिएटिनच्या, म्हणजे त्यांना झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या साठ्यावर चालतात आणि तो साधारण दहा सेकंदांत ओसरतो. 2009 मध्ये बर्लिनला उसेन बोल्टने 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले, तेव्हा त्याचाही वेग शेवटच्या टप्प्यात किंचित उतरला होता. साठा भरून यायच्या आत पुन्हा पळालात तर नुसती दमछाक होते, वेग वाढत नाही.

लांब पल्ल्याचं धावणं चालतं ऑक्सिजनवर. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, विश्रांतीतली नाडी मंदावते, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात. वेग किती ठेवायचा? पळता पळता एक अख्खं वाक्य धाप न लागता बोलता यावं, इतकाच. नवखे लोक इथेच घाई करतात आणि दोन आठवड्यांत कंटाळून सोडून देतात.

वजन उतरवायचं असेल तर माझं मत सरळ लांब पल्ल्याच्या बाजूने आहे. किलोमीटरमागे, शरीराच्या दर किलोला साधारण एक कॅलरी खर्च होते. सत्तर किलोच्या माणसाला पाच किलोमीटरमागे सुमारे 350. स्प्रिंटनंतरही काही काळ कॅलरी जळत राहतात हे खरं, पण तो आकडा लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान असतो.

तंदुरुस्तीचं गणित मात्र वेगळं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात, आठवड्यातून तीनदा दहा मिनिटांच्या सत्रात वीस सेकंदांचे तीन जोरदार झपाटे मारणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता बारा आठवड्यांत वाढली, आणि ती पाऊण तास मध्यम व्यायाम करणाऱ्यांइतकीच वाढली. पण ते सगळं स्थिर सायकलवर होतं. सायकलवर मांडीच्या मागचा स्नायू पळताना ताणतो तसा ताणत नाही. बरीच वर्षं न पळलेला माणूस एकदम सुसाट सुटला की नेमका तोच स्नायू धरतो आणि मग कित्येक आठवडे लंगडत काढावे लागतात. लांब पल्ल्याच्या दुखापती हळूहळू येतात: नडगी, गुडघा, टाच. बहुतेक वेळा अंतर झपाट्याने वाढवल्यामुळे.

म्हणून शून्यापासून सुरुवात असेल तर आधी दोन-तीन महिने संथ धावा, मध्ये मध्ये चालत. चाळिशी उलटली असली तरी वेग कायमचा सोडू नका. वयानुसार स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात, आणि तोल सावरायला, जिना झटकन चढायला तेच लागतात. पाया तयार झाला की आठवड्यातून एकदा चढावर आठ-दहा सेकंदांच्या चार फेऱ्या घ्या. चढावर पाऊल लवकर टेकतं, वेग आपोआप मर्यादेत राहतो आणि स्नायूवरचा ताण कमी होतो. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्प्रिंटच्या वाटेला जाऊ नका.