दोन्ही नॉब फुल करून दाखवलं आणि मी पाच हजार मोजले

मी सोलापुरात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. गणपती, लग्नसराई, झालंच तर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत एखादा कार्यक्रम. बाकी वर्षभर नोकरी. बेस सेकंडहँड आहे, फेंडरने १९६० साली आणलेल्या जॅझ बेसच्या धर्तीचा. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचे, आवाज पकडणारे, चुंबकावर एकच कॉइल गुंडाळलेले भाग), दोन व्हॉल्यूम, एक टोन. घर अशोक चौकाकडं, गल्लीत यंत्रमाग. प्रॅक्टिसला बसलं की अँपमधून खाली 'घूंऽऽ' आणि त्यावर 'चर्रर्र'. हे दोन वेगळे आजार आहेत हे मला माहीत नव्हतं. दुकानदाराला माहीत होतं.

दुकान शहरातलंच, नाव लिहीत नाही. माणूस तोंडाचा गोड. "मालक, पिकअप गेलेत. इंपोर्टेड नॉइजलेस टाकू, आतून शिल्डिंग मारू. पुण्यात दहा हजार घेतील." पाच हजार दोनशेला ठरलं. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं आकडा लिहून दिला. तेव्हाच उठायला हवं होतं.

तीन दिवसांनी गेलो तर पिकअपवर नवीकोरी काळी कव्हरं. त्यानं बेस अँपला लावला, आणि खरं सांगतो, दुकानात पंख्याची कुरकुर ऐकू येत होती, बेसचा हम, म्हणजे तो घूं, नाही. मी खूश. पैसे दिले, वर चहाही मीच पाजला.

घरी येऊन सवयीप्रमाणं ब्रिजजवळच्या, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात तिथल्या, पिकअपचा व्हॉल्यूम उतरवला आणि टोन उघडला. घूं हजर, चर्र हजर.

अँप आणि जुने टीव्ही दुरुस्त करणारा एक मित्र आहे. तो म्हणाला, "का बे, आधी उघडून तरी बघायचं की." स्क्रू काढले, पिकअप उचलला. बुडाला निळ्या सोलापुरी चादरीचा तुकडा चिकटलेला. पिकअप वर धरणारा स्पंज कुजला म्हणून मागच्या वर्षी मीच तो दुमडून फेविबॉण्डनं चिकटवला होता. इंपोर्टेड पिकअपला माझ्या घरची चादर! कॉइल जुन्याच, पॉटवरचं (नॉबखालच्या भागावरचं) सोल्डर जुनंच, काळवंडलेलं. शिल्डिंग (चर्र अडवणारं धातूचं अस्तर) म्हणजे चपात्या गुंडाळायची फॉइल फेविकॉलनं डकवलेली, ग्राउंडला एक वायरसुद्धा जोडलेली नाही.

मग दुकानात आवाज बंद कसा झाला? मित्रानं तिथल्या तिथं करून दाखवलं. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात आणि चुंबकाची दिशाही उलटी. दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असले की लाइटच्या ५० हर्ट्झचा हम आपसांत कटतो, सूर मात्र राहतो. एक नॉब उतरवला की हम परत. माझा बेस आधीपासूनच असा होता, मी दोन्ही फुल करून कधी वाजवलाच नव्हता. खऱ्या नॉइजलेस पिकअपमध्ये एकाच कव्हरात दोन कॉइल असतात, त्यामुळं एकटा पिकअप वाजवला तरी हम येत नाही. म्हणून दुकानात एक नॉब पूर्ण बंद करून ऐकायचं, मग दुसरा.

चर्रची गोष्ट निराळी. दुकानदारानं टोन पूर्ण बंद ठेवला होता, त्यात वरचा आवाज दबतो. शिवाय बोलता बोलता त्याचा तळहात नॉबखालच्या लोखंडी पट्टीवर टेकलेला. ती पट्टी ग्राउंडला असते, हात लावला की चर्र कमी होतो. घरी तारांना हात लावून काही फरक पडत नव्हता, पट्टीला लावला की पडत होता. म्हणजे ब्रिजखालची ग्राउंड वायर तुटलेली. मल्टीमीटर ब्रिज आणि जॅकच्या बाहेरच्या टोकाला लावला, बीप नाही. मूळ बिघाड एवढाच.

वायर जोडली, फॉइल खरवडून तांब्याची टेप लावली, तिलाही ग्राउंड दिलं. घरच्या थ्री-पिनला अर्थिंगच नव्हतं, तेही वायरमनकडून करून घेतलं. सगळं मिळून नऊशेच्या आत. चर्र गेला. एकट्या पिकअपवर घूं थोडा आहेच; तो चुंबकी असतो, टेपनं अडत नाही.

चादरीचा तुकडा घेऊन दुकानात गेलो. जुने पिकअप परत द्या म्हटलं. (ही अट काम देतानाच घालायची असते, हे आता कळतंय.) त्यानं तुकडा उलटसुलट करून पाहिला, पैशाचं नाव काढलं नाही, आणि जराही न लाजता म्हणाला, "मालक, दोन्ही नॉब फुल ठेवून वाजवायचं की मग."