आतून उघडणारं की बाहेरून? शेतात नेण्याच्या मल्टिटूलची निवड

मल्टिटूल, म्हणजे पक्कड, पातं, पेचकस असं सगळं घडी करून एकात बसवलेलं अवजार, दाखवताना दुकानदार आधी त्यात किती अवजारं आहेत ते मोजून सांगतो. तो आकडा सोडून द्या. रावेर-यावलची केळी असो की धुळ्याकडचा कापूस, ठिबक असलेल्या शेतात रोज लागतं ते पातं, पक्कड आणि दोन पेचकस, एक सपाट आणि एक स्टार. बाकीचं वजन. खरा प्रश्न हा की लागणारं अवजार बाहेर काढायला किती हात लागतात.

घडणी मुख्यत्वे तीन. पहिली लाल मुठीच्या स्विस चाकूची. त्यात पक्कड बहुधा नसते, असलीच तर चिमट्याएवढी. दुसरी लेदरमन कंपनीची 1983 सालची मूळ घडण: पक्कड मधोमध, दोन दांडे तिच्यावर दुमडलेले आणि सगळी अवजारं दांड्यांच्या पोटात. बाजारातली बरीच स्वस्त टूलं आजही याच वळणाची असतात. तिसरी लेदरमनच्याच, 1998 साली आलेल्या वेव्ह या मॉडेलची. तिच्यात पाती दांड्यांच्या बाहेरच्या अंगाला असतात, म्हणून पक्कड मिटलेली असतानाच उघडतात. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल याच्या एक पाऊल पुढं आहे, त्याची सगळीच अवजारं बाहेरून निघतात.

आता ठिबकची नळी फुटली असं धरा. मोटार चालू आहे आणि व्हॉल्व्ह शेताच्या दुसऱ्या टोकाला. 16 मिमीची नळी फुटल्या जागेच्या अलीकडं दुमडून डाव्या मुठीत आवळायची, म्हणजे पाणी थांबतं. मग फुटका तुकडा काटकोनात कापून टाकायचा. काप तिरका गेला तर जॉइनर, म्हणजे नळीची दोन तोंडं जोडणारा तुकडा, नीट बसत नाही आणि तिथूनच ठिपकत राहतं. जॉइनर आधी पुढच्या, पाणी नसलेल्या तोंडात दाबायचा, मग घडी सोडून लगेच दाबाकडचं तोंड त्यावर चढवायचं. घडी सुटेपर्यंत तुमच्याकडं एकच हात मोकळा असतो, तोही ओला आणि चिखलाचा.

आतून उघडणारं टूल इथं नडतं. दोन्ही दांडे उलगडा, नखानं पातं उकरा, एक ओढलं की शेजारची दोन सोबत येतात, ती परत ढकला, मग दांडे मिटा. एका हातानं हे होत नाही. शेवटी माणूस नळी सोडतो नाहीतर दातानं पातं ओढतो. स्विस चाकूलाही नखाची खाच असते, तिथंही दोन हात आले. वेव्हच्या पात्याला अंगठ्यासाठी भोक आहे, उजव्या हातानं ते सहज उघडतं. माझ्यापुरता निकाल इथंच लागला. ज्यांचं काम दुकानात किंवा ऑफिसात आहे त्यांना ही अडचण जाणवणारही नाही. त्यांनी कात्रीवाला स्विस चाकूच घ्यावा. ती कात्री मोठ्या टूलांच्या कात्र्यांपेक्षा हाताला गोड लागते आणि वजन खिशाला कळत नाही. वेव्ह मात्र पाव किलोच्या आसपास भरतं, ते पट्ट्याच्या पाऊचमध्येच बरं.

लॉकचंही पाहा. लहान स्विस चाकूत पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उभं राहतं. उलट्या दिशेनं जोर लागला की बोटावर मिटतं. वेव्हमध्ये पात्यामागं पातळ पट्टी येऊन अडते. पण त्या फटीत काळी माती वाळून बसली तर पट्टी पूर्ण सरकत नाही आणि लॉक लागल्यासारखं फक्त वाटतं. पातं उघडल्यावर पट्टी पात्याच्या बुडाशी टेकली का, हे डोळ्यानं पाहावं.

पेचकसात वेव्ह कमी पडतं, हे मान्य करायला हवं. बिटचं, म्हणजे पेचकसाच्या सुट्या टोकाचं, घर दांड्याच्या आत आहे, बिट चपटी आणि कंपनीच्याच मापाची. हरवली तर हार्डवेअरच्या दुकानातली षटकोनी बिट त्यात बसत नाही. स्टार्टरच्या पेटीचे स्क्रू वारंवार खोलणाऱ्याला स्विसटूल उजवं ठरेल. मात्र पक्कडवालं कुठलंही टूल असलं तरी दांडे बहुधा उघड्या धातूचे असतात. तीन फेजच्या पेटीत मेन स्विच पाडल्याशिवाय ते घालायचं नाही.

पक्कडीकडून पान्याचं काम करून घेऊ नये, नटाचे कोपरे गोल होतात. कुंपणाची मऊ जीआय (जस्ताचा थर दिलेली) तार ती आरामात तोडते. क्लचची केबल किंवा स्प्रिंगची तार मात्र धारेला खाच पाडते. 2018 नंतरच्या वेव्ह प्लसमध्ये ही कापणारी धार बदलता येते, आतून उघडणाऱ्या स्वस्त टूलात ती सोय सहसा नसते.

केळीचा चीक हा सगळ्यांचाच शत्रू, आणि बाहेरच्या पात्यांना तो जरा जास्तच लागतो. केळीची पिल्लं, म्हणजे बुंध्याशेजारी फुटणारे कोंब, कापण्याआधी पात्याला आणि सांध्याला तेलाचं बोट फिरवलं तर नंतर फडक्यानं निघतो. वाळल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात ब्रश घेऊन बसावं लागतं. ठिबकमधून पांढरा पोटॅश हे खत सोडत असाल तर टूल त्याच संध्याकाळी साध्या पाण्यानं धुऊन, सुकवून, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. त्यातलं क्लोराइड स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडतं.

आठवडी बाजारातली नक्कल लांबून ओळखू येत नाही. हातात घेऊन पक्कड मिटा आणि उजेडासमोर धरा. जबडे टोकाशी टेकलेले हवेत. टोकं उघडी आणि बुडाशीच चिकटलेली दिसली तर बारीक तार पकडता येणार नाही. दांडे बाजूला हलवून सांध्यात खेळ आहे का ते पाहा. मग पातं एका हातानं दहा वेळा उघडा-मिटा, जमलं तर तळहाताला पाणी लावून.