चेतक 3501 : नऊ महिने, 6,800 किलोमीटर

2025 च्या गुढीपाडव्याला, म्हणजे 30 मार्चला, बजाजची इलेक्ट्रिक स्कूटर चेतक घरी आली. पाऊस झाला, दिवाळी झाली, मीटरवर 6,800 किलोमीटर पडले. आठवड्याभराच्या अनुभवावर लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून थांबलो होतो.

आधी एक सांगतो. ही गाडी मी निव्वळ आकडे बघून घेतलेली नाही. आम्ही चिंचवडचे. बाबा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. त्यांनी 1979 साली चेतकसाठी नंबर लावला आणि गाडी हातात आली 1986 साली. सात वर्षं. त्या काळात याचं कुणाला नवल वाटत नसे, दहा-दहा वर्षं थांबलेले लोक होते. ती गाडी आमच्या घरात एकवीस वर्षं चालली. मी पुढे उभा, आई मागे ताईला मांडीवर घेऊन, आणि बाबांच्या पायांमध्ये दळणाचा डबा. बजाजचा कारखाना हाकेच्या अंतरावर, आकुर्डीला. 1972 साली सुरू झालेली चेतक 2006 च्या आसपास थांबली आणि 2009 साली बजाजने स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं, तेव्हा बाबा दोन दिवस गप्प होते.

म्हणून ऑक्टोबर 2019 मध्ये चेतक इलेक्ट्रिक होऊन परत येणार असं जाहीर झालं, तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता. नुसतं नाव परत येतंय, की त्या नावात जे होतं तेही येतंय? जानेवारी 2020 मध्ये पुणे आणि बंगळूरमध्ये बुकिंग सुरू झालं तेव्हा किंमत होती एक लाख आणि एक लाख पंधरा हजार. आमच्यासारख्यांना ती चैनीची वस्तू वाटली. मी थांबलो. जून 2022 मध्ये आकुर्डीत, जुनी चेतक जिथे बनायची त्याच जागी, इलेक्ट्रिकचा कारखाना सुरू झाला. पुढे डिसेंबर 2024 मध्ये 35 मालिका आली, माझी 3501 त्यातलीच. बॅटरी सीटखालून निघून पायाखाली गेली, डिकी 35 लिटरची झाली, आणि मी ठरवलं.

माझा रोजचा रस्ता चिंचवड ते शिवाजीनगर. नाशिक फाटा, दापोडी, हॅरिस ब्रिज, खडकी, वाकडेवाडी. जाऊन-येऊन 34 किलोमीटर. तीन दिवस चालवली की बॅटरी पंधरा टक्क्यांच्या आसपास येते, मग रात्री लावतो. म्हणजे पूर्ण चार्जवर माझ्या हाताला साधारण 120 किलोमीटर. कागदावर 153 लिहिलंय, पण तो चाचणीचा आकडा. पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेजसुद्धा कागदावर एक आणि सिग्नलवर एक असतंच. इको मोडमध्ये, एकटा असेन तर याहून जास्तही जाते. स्पोर्टमध्ये सत्तरच्या पुढे पळवली तर कमी. बॅटरी 3.5 किलोवॉट-तासाची आहे, तेवढ्याच शिदोरीत जेवढं भागेल तेवढं.

खर्चाचं गणित घरच्या बिलावरून मांडतो. शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट लागतात. आमच्या स्लॅबला युनिटमागे अकरा रुपये धरले तर किलोमीटरला 38 पैसे. आधीच्या पेट्रोल स्कूटरला सव्वादोन रुपयांच्या वर पडायचे. नऊ महिन्यांत तेरा हजारांच्या आसपास वाचले. गाडीची चढी किंमत यातून लगेच भरून निघत नाही, हे घेणाऱ्याने मनाशी धरूनच जावं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. पत्रा.

या गाडीची बॉडी पत्र्याची आहे. शोरूममध्ये हे वाक्य ऐकताना काही वाटत नाही. ऑगस्टमध्ये पार्किंगमध्ये कुणाच्या तरी चारचाकीने मागे घेताना उजव्या बाजूला ठोकली. तळहाताएवढा पोचा आला. प्लॅस्टिकचं पॅनल असतं तर तडा गेला असता आणि नवीन मागवावं लागलं असतं. मी गाडी आमच्या ओळखीच्या डेंटिंगवाल्याकडे नेली. त्याने आतून लाकडी ठोकळा लावला, बाहेरून हातोडीने हलके ठोके दिले, लांबी (पुट्टी) भरली, घासली, रंग मारला. संध्याकाळी गाडी घरी. बाबांच्या चेतकचा रंग तीनदा काढला होता, तोही असाच. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

उरलेलं अर्धं मात्र तसं सोपं नाही. आमच्या कोपऱ्यावर एक मेकॅनिक काका आहेत. चाळीस वर्षं त्यांनी प्लग साफ केले, क्लचच्या वायरी बदलल्या, कार्बोरेटरची जेट फुंकून दिली. जुनी चेतक रस्त्यात बंद पडली तर बाबा आधी ती एका बाजूला तिरकी करायचे, मग प्लग काढून सँडपेपरने घासायचे, दहात आठ वेळा गाडी सुरू व्हायची. डिकीत प्लगपाना आणि जास्तीची वायर असायचीच. नवी चेतक काकांना दाखवली. त्यांनी वाकून खालून पाहिलं, मागचं चाक फिरवून पाहिलं, आणि विचारलं, "हिला उघडायचं कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. टायर, ब्रेकचे शू, आरसे एवढंच त्यांच्या हातात उरलंय. बॅटरी बंद पेटीत, मोटर बंद, कंट्रोलर बंद. कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीची हीच गत आहे, एकट्या चेतकची नाही. पण जुन्या चेतकचं मोठेपण निम्मं तिच्या लोखंडात होतं आणि निम्मं यात, की ती गावोगाव कुणालाही दुरुस्त करता यायची. इलेक्ट्रिक गाड्यांचं काम शिकवणारे वर्ग आयटीआयमधून काकांसारख्यांपर्यंत पोचले पाहिजेत, असं मला कळकळीने वाटतं.

चालवायला कशी, तर शांत आणि भक्कम. जुन्या चेतकचं इंजिन उजवीकडे, त्यामुळे गाडी एका अंगाला ओढायची. इथे वजन पायाखाली मधोमध आहे. खड्ड्यात गाडी उडत नाही, खडखडत नाही. पुढे डिस्क ब्रेक आहे, मागे ड्रम. मागेही डिस्क असती तर बरं झालं असतं. जड आहे, पण रिव्हर्स असल्यामुळे उतारावरच्या पार्किंगमधून काढताना ढकलावी लागत नाही. एक काळजी घ्या. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे गल्लीत खेळणाऱ्या पोरांना ती आल्याचं कळत नाही. मी वळणावर हॉर्न दिल्याशिवाय वळत नाही.

नोव्हेंबरमध्ये मुलीला मागे बसवून सिंहगडावर गेलो. घराकडून पायथ्याला पोचलो तेव्हा 65 टक्के, वर पार्किंगमध्ये 46. उतरताना थ्रॉटल सोडला की मोटर उलट वीज भरते, खाली आलो तर 48. घरी 14. एवढा प्रवास आरामात झाला, पण याच्या पुढे महाबळेश्वर वगैरे मनात आणू नका. शून्यापासून ऐंशी टक्के व्हायला तीन तास लागतात, रस्त्यात चहा पिता पिता भरणारी ही गाडी नाही.

पावसात रोज चालवली. खडकीला पाणी साचतं तेव्हा मी वळसा घालून जातो. बॅटरीला आयपी67, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचं मानांकन, आहे म्हणून पाण्यात घालून बघण्याची हौस करू नये.

खरा त्रास झाला तो सोसायटीत. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट घ्यायची परवानगी मिळायला अडीच महिने लागले. "उद्या सगळेच मागतील" हे एकच कारण. तोवर गॅलरीतून वायर खाली सोडत होतो, जे मुळीच करू नये. शेवटी वायरमनने तपासलं तर आमच्या विंगेचं अर्थिंगच गेलेलं होतं. चार्जरमुळे ते उघडकीला आलं, नाहीतर कुणाच्या तरी गीझरने जीव घेतला असता. गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि परवानगी लेखी घ्या.

बाबा आता 74 चे आहेत. दसऱ्याला पूजा झाल्यावर त्यांनी किल्ली मागितली. आम्ही निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंत जाऊन आलो, मी मागे. प्रत्येक सिग्नलला त्यांचा डावा हात गिअर पाडायला मनगटातून वळायचा. मूठ फिरत नाही हे कळलं तरी पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. घरी आल्यावर गाडी स्टँडला लावली आणि त्यांचा हात सवयीने सीटखाली गेला, पेट्रोलचा कॉक बंद करायला. मग त्यांनी बाजूच्या पत्र्यावर बोटाने दोनदा टकटक केलं, ऐकलं, आणि म्हणाले, "पत्रा आहे."

बॅटरीची वॉरंटी तीन वर्षं किंवा 50,000 किलोमीटर. मार्च 2028 ला बॅटरी किती धरते ते मोजून पुन्हा लिहीन.